वेळ न संपणारी परीक्षा

लेकीच्या शाळेचं पत्र आलं. एमकॅसच्या आदल्या रात्री मुलांना लवकर झोपवा, सकाळी पोटभर नाश्ता द्या, आणि पेपर लवकर संपलाच तर वाचायला एक पुस्तक दप्तरात ठेवा. एमकॅस म्हणजे इथली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याची परीक्षा. गणित तिसरी ते आठवी दरवर्षी आणि मग दहावीला. विज्ञान मात्र पाचवी, आठवी आणि पुढे हायस्कुलात एकदाच. लेक पाचवीत, म्हणजे यंदा दोन्ही.

मी पत्र दोनदा वाचलं. पेपर सुटणार किती वाजता? कुठेच नाही. बाईंना ईमेल केली, तर उत्तर आलं की वेळेचं बंधन नाही, पेपर त्याच दिवशी पुरा व्हायला हवा एवढंच. शाळा सुटेपर्यंत बसली तरी चालेल.

वेळेचं बंधन नाही! परीक्षेला! आपल्याकडे बोर्डाने 2023 मध्ये पेपराच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली, तर त्याची केवढी बातमी झाली. आमची चौथीची स्कॉलरशिप म्हणजे अर्धी परीक्षा गणिताची आणि अर्धी घड्याळाची. ‘येत होतं गं, पण वेळ पुरला नाही’ हे वाक्य आमच्या पिढीतल्या प्रत्येक घरात बोललं गेलंय, आणि त्यावर आईचं ‘मग सराव कमी पडला’ हेही. इथे माझी लेक संध्याकाळी सहज सांगते, "आई, दोन गणितं राहिली होती, जेवून आले आणि मग केली." अर्धा पेपर टाकून डबा खायला! बाई सोबत होत्या, आपसात बोलायचं नाही अशी ताकीद होती, हे सगळं ठीक. पण आपल्याकडे एवढ्यावर भरारी पथक दारात उभं राहिलं असतं.

मला आधी रागच आला. मग तिचे सरावाचे प्रश्न पाहिले. जुने बरेचसे प्रश्न राज्य स्वतःच नेटवर टाकतं. एक साधारण असा होता: एक मुलगा म्हणतो, पाऊण कपाचे दोन तृतीयांश पाऊण कपापेक्षा जास्त होतात. त्याचं बरोबर आहे का? कशावरून? लेकीने आयत काढला, त्याचे भाग पाडले, दोन वाक्यं लिहिली. मी असते तर अर्धा असं लिहून खाली दोन रेघा मारल्या असत्या. बरोबर, पण ‘कशावरून’चे मार्क गेलेच असते. त्या आयताला वेळ लागतो, हे मला कबूल.

तरीही आमचं काही अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. ऑफिसात टक्केवारी काढायची वेळ आली की बाकीचे फोन उघडेपर्यंत माझं उत्तर तयार असतं. ते त्या घड्याळानेच शिकवलं.

आणि इथल्यांना तरी ही परीक्षा कुठे धड हवी आहे? दहावीची एमकॅस पास झाल्याशिवाय डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला, नाही, ही 1993 च्या कायद्यातून आलेली अट नोव्हेंबर 2024 मध्ये चक्क मतदानाला टाकली. शिक्षकांची संघटना अट काढा म्हणत होती, गव्हर्नर मॉरा हीली ठेवा म्हणत होत्या. सुमारे 59 टक्के लोकांनी काढा म्हटलं आणि ती गेली. परीक्षा आहे, पण तिच्यावाचून डिप्लोमा अडत नाही. आपल्याकडे दहावीच्या बोर्डावर मतदान घेतलं तर काय होईल, यावर आमच्या देशी मित्रमंडळींत दोन संध्याकाळी गेल्या. त्यातल्या निम्म्यांना इथे मताचा अधिकार नाही, मलाही नाही. पण घर घेताना शाळेचे एमकॅसचे आकडे बघितले नाहीत असा त्यांच्यात एकही नाही.

रविवारी सकाळी मी लेकीला पुण्याहून मागवलेली स्कॉलरशिपची पुस्तिका देते, मोबाइलवर टायमर लावून. जाच म्हणून नाही. उद्या परत जायचं ठरलं तर? नवरा विचारतो, परत जायचं कधी ठरलं? ठरलेलं काही नाही. पण कॉलेजप्रवेशासाठीची एसएटी परीक्षा दिली तर तिला इथेही घड्याळ लावतातच की. दोन तास चौदा मिनिटं, मोजून.