फ्रेंचमध्ये आपलं संत्रं ऑरेंज नाही

मागच्या महिन्यात आयुष्यातलं पहिलं एक्सपोझे दिलं, म्हणजे फ्रेंचमधलं फॉर्मल प्रेझेंटेशन. दहा मिनिटं बोलायचं आणि मग तेवढाच वेळ प्रश्न. विषय मी आपलाच घेतला, नागपूरचं संत्रं. मामांची काटोलला बाग आहे, लहानपणापासून बहार धरणं, ताण देणं, पाणी सोडणं हेच ऐकत आले, म्हटलं आपल्याला माहीत असलेलं सांगायचं, भाषाच काय ती परकी.

पहिला ड्राफ्ट फ्रेंचच्या मॅडमना दाखवला तर त्या म्हणाल्या, हा विषय झाला, प्रश्न कुठे आहे? फ्रेंच लोकांना प्रॉब्लेमातिक लागतं, एकच प्रश्न, सुरुवातीलाच मांडायचा, मग आपण कोणत्या भागांतून जाणार ते सांगायचं आणि शेवटी त्याच प्रश्नाचं उत्तर देऊन थांबायचं. मी तर संत्र्याचा इतिहास, जाती, मार्केट, सगळंच भरलं होतं. दोन दिवस बसून ते काढून टाकलं आणि एवढंच ठेवलं, की एकाच झाडावर आंबिया बहार धरायचा की मृग, हे शेतकरी कशावरून ठरवतो.

खरी मेहनत तिथून सुरू झाली, कारण बहार या शब्दाला फ्रेंचमध्ये शब्दच नाही हो. फ्लोरेझों म्हणजे फुलोरा, पण बहार म्हणजे नुसता फुलोरा नाही ना, तो आपण धरतो, झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतो आणि मग पाणी दिलं की ते फुलतं. आंबियाला डिसेंबरच्या आसपास ताण, जानेवारीपासून पाणी, आणि फळ साधारण दिवाळीच्या आगेमागे, मृगाला मे महिन्याचा ताण आणि पहिला पाऊस, फळ फेब्रुवारी-मार्चला. शेवटी मी बहार हाच शब्द ठेवला आणि दोन वाक्यांत समजावला. ताणासाठी मात्र त्यांच्याकडे अगदी नेमका शब्द आहे, स्त्रेस इद्रिक, तो सापडला तेव्हा मला इतका आनंद झाला की मामांना फोन करून सांगितलं.

आकड्यांची भीती मला सगळ्यात जास्त होती. सत्त्याण्णव म्हणायला चार वीस, दहा आणि सात म्हणायचं, कात्र-व्हँ-दी-सेत. पण आजी विसांनीच मोजायची, चार विसा, पाच विसा, हे एक दिवस आठवलं आणि त्यानंतर हे आकडे मला अवघड वाटलेच नाहीत. उच्चारासाठी रोज सकाळी अंबाझरीला फिरताना मोठ्याने म्हणायची, लेझोरांज, लेझाग्र्यूम, शब्द एकमेकांना चिकटवून. आग्र्यूम म्हणजे लिंबू-संत्र्याचं सगळं कूळ.

प्रेझेंटेशनच्या दिवशी पाठ केलेलं तिसऱ्याच मिनिटाला अडखळलं. एक वाक्य गेलं आणि त्याच्या मागचं सगळं गेलं. वाचवलं ते जोडशब्दांनी, तू दाबोर म्हणजे सर्वात आधी, आंस्वीत म्हणजे त्यानंतर, आंफँ म्हणजे शेवटी. हे तीन शब्द म्हटले की मी कुठल्या भागात आहे हे मलाही कळायचं आणि ऐकणाऱ्यांनाही, आणि मधली वाक्यं मी साध्या फ्रेंचमध्ये तिथल्या तिथे बनवली. म्हणून शिकणाऱ्यांना सांगते, पूर्ण स्क्रिप्ट पाठ करू नका, पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि हे सांधे पाठ करा. आणि एक वाक्य नक्की, पुर्ये व्हू रफॉर्म्युले ला केस्तियों, कृपया प्रश्न वेगळ्या शब्दांत विचाराल का. मी ते दोनदा वापरलं, कोणाला वाईट वाटलं नाही. चूक एक मोठी झाली, एव्हांत्युएलमां मी शेवटी या अर्थाने वापरलं, त्याचा अर्थ कदाचित असा होतो, त्यामुळे शेतकरी कदाचित पाणी देतो असं वाक्य झालं. लक्षात आल्यावर थांबून दुरुस्त केलं.

मग दोन परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, तुम्ही ज्याला ऑरेंज म्हणता ते फोटोत तर मांदारिन दिसतंय, सालही हाताने सुटते. प्रश्न अगदी बरोबर होता. नागपुरी संत्रं शास्त्रीय नावाने सिट्रस रेटिक्युलाटा, म्हणजे मांदारिनच, आणि फ्रेंच लोक ज्याला ओरांज म्हणतात ती आपली मोसंबी. मी सांगितलं की २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो नागपूर ऑरेंज या नावाने, म्हणून मी ते नाव ठेवलं, पण फळ मांदारिन आहे. आणि हेही सांगितलं की ओरांज हा शब्दच मुळात आपल्याकडून गेलाय, संस्कृत नारंग, मग फारसी, अरबी, असं करत करत फ्रेंचपर्यंत. हे तयारीत नव्हतं, नारिंगी रंग डोळ्यासमोर आला आणि बोलून गेले. दोघेही पेन ठेवून ऐकत होते.

घरी येऊन स्लाइडवरचं नाव बदललं, ला मांदारिन द नागपूर. रात्री मामांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे आपल्या मोसंबीले ते लोक संत्रं म्हनून राहिले? त्यायले एकदा बागेत घेऊन ये बाई, आंबियाचा तोडा असला का."