आमची वाटचाल : ओळंबा, टेबल आणि चार थेंब तेल

लातुरात अंग रगडून देणारे पूर्वीपासून होते. तालमीत वस्ताद होते, बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या मावश्या होत्या. पण मालिश वेगळी आणि वाकलेलं अंग सरळ उभं राहावं म्हणून केलेलं हातकाम वेगळं, हे लोकांना पटवण्यातच आमच्या केंद्राची सुरुवातीची वर्षं गेली. पुढची बरी गेली. भाडं निघत होतं, टेबल रिकामं राहत नव्हतं. त्याबद्दल काय लिहायचं?

लिहायचं आहे ते २०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्याबद्दल. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते साऱ्या देशानं पाहिलं. आमच्या धंद्याला पाणी कशाला लागतं, असं बाहेरच्याला वाटेल. माणसामागे एक चादर आणि एक जाड टॉवेल, दोन्ही तेलानं माखलेले. असलं कापड गार पाण्याला दाद देत नाही. धुण्याचा सोडा टाकून कढत पाण्यात भिजवायचं, मग दोनदा खळबळायचं. त्यात आमचं तेल करडईचं. करडई आपल्या भागातली, तेल हलकं. पण हवा लागली की ते चिकट होतं, चादर पिवळी पडते आणि खवट वास जाता जात नाही. टँकर विकत घेऊन चादरी धुवायच्या की कुलूप लावायचं, इथवर पाळी आली.

नेमक्या त्याच दिवसांत समोरच्या गल्लीत गरम रोलरचे पलंग आले. नाव घेत नाही. या, फुकट झोपा, कुबड जाईल. आमचीच माणसं सकाळी तिथं रांगेत! राग अजून गेलेला नाही, आणि त्याला कारण आहे. रोलर मणक्याच्या दोन बाजूंनी वर-खाली फिरतो, सगळ्यांना सारखाच. पाठीत बाक आलेल्या माणसाचे पाठीचे स्नायू आधीच ताणून लांबलेले असतात. आखडलेलं असतं ते पुढं. छातीच्या मोठ्या स्नायूखाली एक लहान स्नायू आहे. तो तिसऱ्या ते पाचव्या बरगडीवरून निघतो आणि खांद्याच्या पात्याच्या पुढच्या टोकाला धरतो. तो आखूड झाला की पातं पुढं कलतं. पलंगावर उताणं झोपलेल्याच्या त्या जागी रोलर पोचणार कसा? शेकानं बरं वाटतं, ते खरंच. पण खांदे पुन्हा पुढं येतात.

आम्ही तगलो ते तेल कमी करून. जाड टॉवेल गेले, पंचे आले. करडई गेली, चार थेंब खोबरेल आलं. तेल जास्त असलं की हात नुसता कातडीवरून घसरतो, स्नायूवरचं आवरण पकडीत येत नाही. कोपराखालचा हात टेकवायचा, अंगाचं वजन सोडायचं आणि थांबायचं. दीड-दोन मिनिटांत खालचा ताण सुटायला लागतो. मग बोटभर पुढं. रेटलं की माणूस श्वास धरतो आणि स्नायू उलट आवळतो. श्वास धरला म्हणजे दाब जास्त झाला, एवढं आम्ही नवीन पोराला पहिल्याच दिवशी शिकवतो.

हत्यारं दोनच. एक गवंड्याचा ओळंबा, चौकटीला टांगलेला. माणूस बाजूनं उभा करायचा, दोरी घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढं. वर ती गुडघ्याच्या मध्याच्या थोडी पुढून, मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावरून, खांद्याच्या टोकावरून आणि कानाच्या पाळीवरून जायला हवी. दुसरं टेबल. शेजारी उभं राहून हात सरळ सोडले की मुठीची हाडं त्याला टेकावीत, एवढीच उंची. टेबल उंच असेल तर वजन सोडता येत नाही, मनगटानं ढकलावं लागतं, आणि अंगठे कामातून जातात.

मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, एक हमालमामा पहिल्यापासून आमच्याकडे. मोंढा बंद असला की येणार. फुकटच्या पलंगाकडे ते कधी फिरकले नाहीत. म्हणायचे, "तिथं मला कुणी उभं करून बघतच नाही, बगा." पोत्याखाली वाकून-वाकून मामांच्या जांघा आखडलेल्या. टेबलाच्या कडेला पाठीवर झोपवून एक गुडघा छातीशी धरला की दुसरी मांडी टेबलाला टेकायची नाही, वर तरंगायची. मानेची तक्रार असली तरी त्यांची सुरुवात आम्ही पोटऱ्या आणि जांघेपासून करतो, मग बरगड्या, छाती, मान शेवटी. आधी मान मोकळी केली तर उभं राहताच ती परत पुढं जाते, कारण खालची बैठक तशीच असते. जांघेच्या वर पोटात खोल दाबताना बोटाखाली ठोके लागले तर हात लगेच काढायचा. ती मोठी धमनी.

आता कुणी विचारलं नाही तरी सांगतो. क्लासच्या लेकरांनी दप्तर एका खांद्यावर टाकू नये. एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर कुणालाही ती चोळू देऊ नका. आत गुठळी असू शकते. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या आतून बधिरपणा आला, तर आमच्याकडे नाही, त्याच दिवशी दवाखान्यात. आणि सलूनमध्ये कटिंग झाल्यावर मान कडकन मोडून घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्यात फाटू शकते. तो हनुवटीला हात घालायला आला की सरळ 'नको' म्हणा आणि उठा.