खांदेरीच्या बत्तीची एक रात्र

मी खांदेरीच्या दीपगृहावर नोकरीला होतो, तेव्हाची ही मे महिन्याच्या अखेरची गोष्ट आहे. थळच्या किनाऱ्यासमोरच्या या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधाला न जुमानता किल्ला उभारायला घेतला, आणि त्याच किल्ल्याच्या तटाआड १८६७ मध्ये बांधलेल्या अष्टकोनी मनोऱ्यावर आमची बत्ती होती.

रात्री साडेनऊच्या सुमारास दिव्याभोवतीचे भिंग फिरवणारी मोटर जळाली. दिवा पेटलेला होता, परंतु भिंग थांबल्यामुळे झोत जागच्या जागी खिळून राहिला. उजेड आहे, मग बिघडले काय, असे नवख्याला वाटेल. पण प्रत्येक बत्तीच्या लुकलुकण्याला ठरलेली लय असते, ती खलाशांच्या पुस्तकात नोंदलेली असते आणि तिच्यावरूनच ही बत्ती खांदेरीची की आणखी कुठली, हे ओळखले जाते. लय चुकलेली बत्ती विझलेल्या बत्तीहून घातक, असे माझे ठाम मत आहे. अंधारात माणूस सावध राहतो, चुकीच्या खुणेवर मात्र तो विसंबतो.

समुद्र खवळलेला असल्याने सकाळपर्यंत होडी येणे शक्य नव्हते. मोटर सुटी करून आम्ही दोघांनी भिंग हाताने फिरवायला घेतले. एवढे जड भिंग, पण त्याचा तोल असा साधलेला असतो की ते एका हाताने फिरते. अवघड असते ते तासन् तास एकाच गतीने फिरवत राहणे. एकाने घड्याळ धरून सेकंद मोठ्याने मोजायचे, दुसऱ्याने त्या मोजणीवर पावले टाकायची, आणि अर्ध्या तासाने अदलाबदल करायची. तीनच्या पुढे माझी पावले रेंगाळू लागली, तसा सहकाऱ्याचा आवाज चढत गेला, आणि त्या आवाजाच्या आधारानेच मी चालत राहिलो.

सहाच्या सुमारास दिवा मालवला आणि उन्हाचा झोत भिंगातून एकवटून आतले भाग जळू नयेत म्हणून रोजच्याप्रमाणे पडदे ओढले. वारा पडल्यावर पहिल्या होडीने वेताळाच्या दर्शनाला थळचे एक वयस्कर कोळी आले. रात्री किनाऱ्यावरून बत्तीत काही फरक जाणवला का, असे मी त्यांना विचारले.

"नाय रं पोरा, रोजच्यासारखीच व्हती."

मग मी नोंदवही उघडली आणि रात्रीची नोंद पूर्ण केली.