फिरायच्या गाण्यांची वही: आठवा आठवडा

मागच्या नोंदीत चालण्याच्या गाण्यांच्या माझ्या यादीत 41 गाणी होती. आज 14 आहेत. याला प्रगती म्हणायचं की घसरगुंडी, ते तुम्ही ठरवा.

झालं असं की पहिली यादी मी घरात बसून, नावं बघून केली होती. नावात वाट, पाऊल, चालणं काहीही दिसलं की गाणं आत. मग एकेक गाणं कानात घालून खरोखरच फिरायला निघालो, आणि लक्षात आलं की या गाण्यांत चालतंय असं फार कमी कोणी. जॉनी कॅशचं 1956 चं 'आय वॉक द लाइन' म्हणजे नीट वागायची कबुली, त्यात रस्ता नाहीच. डिऑन वॉरविकच्या 1964 च्या 'वॉक ऑन बाय'मध्ये चालायचंय ते समोरच्याने, गाणारी आपली उभी. रवींद्रनाथांचं 1905 चं 'एकला चलो रे' हा निर्धार आहे, फेरफटका नव्हे. आणि सगळ्यात जड गेलं ते शांताबाई शेळक्यांचं 'ही वाट दूर जाते' काढताना. पण बघा ना, जाते ती वाट. आशाबाईंच्या आवाजातलं ते मन लांब नजर लावून एका जागी थांबलेलं आहे. वर्षानुवर्षं हे गाणं मी चालण्याचं समजत होतो.

म्हणून नियम आता एकच: गाण्यातलं माणूस गाण्याच्या वेळी पायी चालत असलं पाहिजे. कुठे पोचायची घाई नसेल तर दुधात साखर.

या नियमात पॅट्सी क्लाइनचं 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' (1957) सहज बसलं. ती खरंच मध्यरात्रीनंतर मैलोन्‌मैल चालते आहे. 'श्री 420' (1955) मधलं 'मेरा जूता है जापानी' राहिलं, कारण त्यात जोडे आहेत, रस्ता आहे आणि कसलीही फिकीर नाही. नॅन्सी सिनात्राच्या 1966 च्या गाण्यातले बूट मात्र गेले. ते फिरायला निघालेले नाहीत, कोणाला तरी तुडवायला निघाले आहेत.

प्रोक्लेमर्स या जोडगोळीच्या '500 मैल' चालायच्या गाण्यावर एक संध्याकाळ घालवली. 1988 चं गाणं, लय मिनिटाला 130 ठोक्यांच्या आसपास. ठोक्याला एक पाऊल, पाऊल 70 सेंटिमीटरचं धरलं तर साडेतीन मिनिटांत जेमतेम 320 मीटर होतात. 500 मैल म्हणजे 805 किलोमीटर. गाणं अडीच हजार वेळा लावावं लागेल. शिवाय तो पुढे आणखी 500 मैल चालायला तयार आहे, म्हणजे पाच हजार वेळा. नियमात बसतं का? तो चालेन म्हणतो, चालत नाही. तरी ठेवलंय. आकडेमोडीवर इतका वेळ गेल्यावर काढायला हात होईना.

आता मोजणीबद्दल, कारण मागच्या वेळी मी चुकीचे आकडे लिहिले होते. लय ओळखणाऱ्या अ‍ॅपवर विसंबलो आणि फसलो. ही अ‍ॅपं बऱ्याचदा दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवतात. एकाच गाण्याचे मधले ठोके धरले तर मिनिटाला 168, सोडले तर 84. पायाला मात्र या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. 168 ला माणूस पळत असतो. आता सरळ पायानेच मोजतो: डावा पाय टेकला की एक, अर्धा मिनिट मोजायचं, आलेल्या आकड्याची चौपट करायची. माझी रमतगमत चाल सरासरी मिनिटाला 102 पावलं भरली, घाईची 118. लष्करी संचलनाचा नेहमीचा वेग 120 च्या आसपास असतो. म्हणजे दूध उतू जाईल म्हणून धावपळीत निघालेला मी आणि संचलन करणारी पलटण यांत दोनच पावलांचं अंतर.

पाश्चात्त्य संगीतातला 'आंदान्ते' हा लयीचा शब्द इटालियन 'आन्दारे' म्हणजे जाणे, चालणे यावरून आला. मेट्रोनोमवर, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर, त्याचा पट्टा साधारण मिनिटाला 76 ते 108 ठोके असा छापलेला असतो. सरळ 76 वर चालून पाहिलं. दहा मिनिटांत मागून येणाऱ्या प्रत्येकाने मला ओलांडलं, आणि एका आजोबांनी थांबून बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

या आठवड्याची खरी कमाई तालाची. तीनाच्या वजनाची गाणी मी सुरुवातीला सरसकट बाद केली होती. पाय दोन, मात्रा (म्हणजे तालातले ठोके) तीन, जमणार कसं, असा माझा हिशेब. मात्रेला एक पाऊल टाकत दादरा हा ताल चालून बघितला आणि तोंडावर आपटलो (अलंकारिक अर्थाने, खरं आपटणं तिसऱ्या आठवड्यात झालं होतं). दादऱ्याच्या सहा मात्रा, तीन-तीनच्या. सम, म्हणजे पहिली मात्रा, डाव्या पायावर घेतली की चौथ्या मात्रेचा काल (टाळी न देता मोकळी सोडायची जागा) उजव्यावर येतो. वजन दोन्ही पायांना वाटून मिळतं आणि अंग आपोआप झुलायला लागतं. उलट केरवा या तालाच्या आठ मात्रांत सम डाव्यावर, पाचवीचा कालही डाव्यावरच. सगळा मान एका पायाला! अर्ध्या तासानंतर मला ते जाणवायला लागतं. कदाचित मनाचे खेळ असतील. रूपक तालाच्या सात मात्रांची तऱ्हा निराळीच, प्रत्येक आवर्तनाला (तालाच्या फेरीला) सम पाय बदलते. मजा येते, पण रस्ता ओलांडताना करू नका.

तर दादऱ्यातली तीन गाणी सन्मानाने परत घेतली. 14 त ती धरलेली आहेत.

ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टवर दोनदा गेलो. 1827 च्या 'विंटरराइज' या 24 गाण्यांच्या मालेतलं पहिलं गाणं, 'गुटे नाख्ट'. रात्री गाव सोडून पायी निघालेला माणूस. शूबर्टच्या हस्तलिखितात लयीची सूचनाच 'मध्यम, चालण्याच्या गतीत' अशी आहे. पियानोवर एकसारखे स्वर पडत राहतात आणि तेवढ्यानेच पावलं ऐकू येतात. गायक बदलला की लय बदलते, तेव्हा आकडा देण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी संथ ध्वनिमुद्रण निवडलं आणि रेंगाळलो, दुसऱ्या दिवशीचं बरोबर पायात बसलं. शेवटच्या कडव्यात सूर मायनरमधून (उदास स्वरसप्तकातून) मेजरमध्ये (उजळ सप्तकात) जातो, तिथे माझं पाऊल चुकलं. चूक शूबर्टची.

अव्वल नंबर मात्र क्यू साकामोतोच्या 1961 च्या जपानी गाण्याला. अमेरिकेत ते 'सुकियाकी' या नावाने गेलं आणि 1963 त तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तीन आठवडे पहिलं राहिलं. सुकियाकी हा एक खाद्यपदार्थ, त्याचा गाण्याशी काडीचाही संबंध नाही. मूळ नावाचा अर्थ 'वर बघत चालू या'. का, तर डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून. शब्द रोकुसुके एई यांचे, चाल हाचिदाई नाकामुरा यांची. मध्येच शीळ येते. चालता चालता म्हणायला शिळेसारखी सोय नाही, शब्दांना लागतो तेवढा दम तिला लागत नाही.

दमावरून आठवलं. मिनिटाला 100 पावलं ही प्रौढांसाठी मध्यम व्यायामाची सुरुवात, असं अभ्यासक धरतात. आणि मध्यम व्यायामाची सोपी खूण अशी की बोलता येतं, गाता येत नाही. म्हणजे फिरायचं गाणं फिरताना गाता येत असेल तर तुमचं फिरणं व्यायामाच्या हिशेबात कमीच पडतंय! माझ्या 102 वर आठ पावलांची ओळ एका श्वासात निघते, बारा पावलांची तुटते. 92 वर दोन्ही निघतात. मी 92 निवडलं आहे. डॉक्टरांना सांगू नका.

आणि आता ज्यासाठी ही वही उघडली ते. स्वतःचं गाणं करतोय. आपल्या भाषेत गतीलाही चाल आणि सुरावटीलाही चाल. ओळीला चरण म्हणतो, गाण्याला पद म्हणतो. हे दोन्ही शब्द पायाचे. एवढं सगळं पायाशी आणून ठेवलेलं असताना आपण गाणी बसून का रचतो, हे मला कळत नव्हतं. म्हणून पण केला की पेन-कागद घरी ठेवायचा, शब्द आणि चाल दोन्ही रस्त्यावरच सुचली पाहिजेत. घरी येईपर्यंत जे डोक्यात टिकेल तेवढंच खरं.

आठ आठवड्यांत टिकलं ते एक धृपद आणि अर्धा अंतरा. दादरा, पावलाला एक मात्रा, लय 92. धृपद बसलंय, सम डाव्या पायावर चोख पडते. अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीत 'परतताना' हा शब्द आला आणि पाच मात्रा खाऊन बसला. 'ना' लांबवला की पुढची सम एक पाऊल उशिरा, उजव्यावर जाते. 'वळताना' घेतलं तर मात्रा जमतात, पण मला म्हणायचंय परतणंच. चार दिवस त्या ओळीपाशी पाय बदलून घेतोय, फौजेत पाऊल चुकलेला शिपाई घेतो तसा. उद्या उजव्या पायाने सुरुवात करून बघणार आहे.