न्यू कॅलेडोनियाच्या लाल मातीतलं लोखंड

न्यू कॅलेडोनिया हे पॅसिफिक महासागरातलं फ्रेंच बेट सिडनीहून विमानाने साधारण तीन तासांवर आहे, पण आपल्याकडचे लोक तिकडे गेले तरी बीच आणि बोट करून परत येतात. माझं सांगणं एवढंच की एक दिवस गाडी भाड्याने घ्या आणि बेटाच्या दक्षिण टोकाकडे जा, तिथले लोक त्या भागाला ग्रां सूद म्हणतात. मी कोकणातला, लाल मातीतच वाढलोय, पण एवढी लाल जमीन मी कुठेच बघितली नव्हती.

नुमेआ, म्हणजे इथली राजधानी, सोडून यातेच्या रस्त्याला लागलं आणि चढ संपला की झाडं एकदम बुटकी होतात आणि माती गडद लाल, काही ठिकाणी तर जांभळट. पायाखाली सगळीकडे वाटाण्याएवढे गोल काळपट खडे पसरलेले, हातात घेतले तर चांगलेच जड लागतात. मी छोटं चुंबक मुद्दाम बरोबर नेलं होतं, त्याला काही खडे लगेच चिकटले, इतका आनंद झाला की काय सांगू!

हे लोखंड आलं कुठून? बेटाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पेरिडोटाइट खडकाचा आहे, हा खडक मुळात समुद्रतळाच्याही खालचा, पृथ्वीच्या कवचाखालच्या मँटल या थरातला, आणि काही कोटी वर्षांपूर्वी भूपट्टांच्या (प्लेट्सच्या) रेट्यात तो वर येऊन बेटावर चढला. त्यात लोखंड अगदी थोडं, ८ टक्क्यांच्या आतबाहेर. पण उष्ण हवा आणि लाखो वर्षांचा पाऊस, त्यात मॅग्नेशियम आणि सिलिका विरघळून वाहून गेले, लोखंड मात्र विरघळत नाही, ते जागच्या जागी साचत गेलं, आणि आता वरच्या मातीत ते ४०-५० टक्क्यांपर्यंत भरतं. सगळ्यात वर तर त्याचं घट्ट कवचच झालंय, आपल्या सड्यावरच्या कातळासारखं. आपला जांभाही असाच पावसाने धुऊन झालेला, फक्त त्याचा मूळ खडक बेसॉल्ट.

रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे थांबून हे थर नक्की बघा. वर काळपट कवच, मग गोल खडे, मग लाल माती, मग पिवळी आणि तळाशी हिरवट कुजका खडक. निकेलचं मोल खालच्या थरांत. १८६४ मध्ये ज्यूल गार्निए या फ्रेंच इंजिनिअरला ते इथे सापडलं आणि तेव्हापासून हे बेट निकेलवरच चाललंय. लोखंड एवढं असून त्याला कोणी विचारत नाही! प्रोनीच्या खाडीजवळ १९५०-६० च्या दशकांत लोहखनिजाची खाण चालली होती, माल ऑस्ट्रेलियाला जायचा, मग ती बंद पडली. या खनिजात क्रोमियम, निकेल, ॲल्युमिनियम मिसळलेलं असतं, पोलादवाल्यांना ते नको असतं, आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात पिलबाराच्या मोठ्या लोखंडाच्या खाणी सुरू झाल्या, तेव्हा माझ्या मते ती टिकणं अवघडच होतं. प्रोनी गाव अजून आहे, त्याआधी तिथे कैद्यांकडून लाकूडतोड करून घेत, त्यांच्या दगडी इमारतींच्या भिंतींवर आता झाडांची मुळं चढलीत.

खरी कमाल झाडांची आहे. या मातीत फॉस्फरस, पोटॅशियम जवळजवळ नाही आणि निकेल भरपूर, आपलं कुठलंही पीक इथे मान टाकेल, पण बेटावरच्या साधारण तीन चतुर्थांश वनस्पती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत आणि त्यातल्या कितीतरी याच मातीतल्या. एका झाडाचा चीक निळसर हिरवा असतो, वाळवला तर त्यात २५ टक्क्यांपर्यंत निकेल निघतं! रिव्हिएर ब्ल्यू पार्कमध्ये हे सगळं चालत फिरून बघता येतं, मादलेन धबधब्याजवळही मस्त पायवाट आहे.

पण ते कवच फोडलं, झाडं गेली, की खालची मऊ माती पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्यात उतरते आणि तिथून थेट लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या कठड्याआतल्या उथळ समुद्रात, प्रवाळांवर. हे लगून २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि खाणी त्याच्या डोक्यावर. जुन्या खाणींचे डोंगर अजून उघडेच दिसतात, काही ठिकाणी स्थानिक झाडांची रोपं लावतायत पण ती फार हळू वाढतात, म्हणून मला वाटतं नवीन डोंगर उघडण्याआधी जुने झाकायला हवेत.

जाणार असाल तर पेट्रोल नुमेआतच भरा, पाणी जास्त घ्या, सावली फार कमी आहे. पार्क आठवड्यातून एक दिवस बंद असतो, आधी विचारून घ्या. आणि पांढरे बूट घालू नका, तो लाल रंग धुऊन जात नाही.