बोबोचा क्लासिक पाम आणि दहाचं नाणं

मंडळी, अमेरिकन जादूगार जे. बी. बोबोच्या ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’मधला क्लासिक पाम, म्हणजे नाणं तळहातात लपवून धरण्याची युक्ती, आता हातात बसलाय. पुस्तक 1952 सालचं, पण नाण्यांची जादू शिकायची म्हटलं की आजही पहिलं नाव त्याचंच निघतं. फक्त ते वाचताना समोर अमेरिकन हाफ डॉलर धरावा लागतो. ते नाणं 30.6 मिलिमीटरचं, वजन अकरा ग्रॅमच्या वर, कडेला बारीक खाचा. आपलं दहाचं नाणं 27 मिलिमीटर आणि आठ ग्रॅमच्याही आत. एवढ्याशा फरकाने तळहाताचं सगळं गणित बदलतं.

अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा आणि समोरची करंगळीखालची बाजू, यांच्यामध्ये नाणं धरायचं. नाणं लहान, म्हणून अंगठा आत ओढला जातो, आणि आखडलेला अंगठा लगेच चुगली करतो. यावर मला लागू पडलेला उपाय जुनाच आहे: नाणं पाम करून घरातली कामं करायची. कुलूप उघडायचं, चहाचा कप उचलायचा, मोबाइलवर टाइप करायचं. हात नाणं विसरला की अंगठा आपोआप सैल पडतो. मुंबईच्या उकाड्यात घामाने नाणं चिकटून बसतं आणि हवं त्या क्षणी सुटत नाही, तेव्हा हात आधी कोरडा करून घ्या.

आता कोनांबद्दल, कारण पुस्तकातला प्रेक्षक बहुतेक वेळा समोर खुर्चीवर बसलेला असतो. मी प्रयोग करतो गिरगावातल्या आमच्या चाळीच्या चौकात. मोठी माणसं गॅलरीतून वाकून बघतात आणि पोरं पुढ्यात सतरंजीवर बसतात. गॅलरीची भीती नाही, वरून हाताची पाठच दिसते. खरी परीक्षा सतरंजीची. खालून बघणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला तळहात थेट दिसतो.

हे कोडं सुटलं ते हेनिंग नेल्म्सच्या ‘मॅजिक अँड शोमनशिप’मुळे. 1969 सालच्या या पुस्तकात भर युक्तीपेक्षा प्रयोग उभा करण्यावर आहे. ते वाचताना एक प्रश्न मनात पक्का बसला: नाणं या हातातून त्या हातात का जातंय? प्रेक्षकाला पटेल असं कारण नसेल तर सफाई कितीही असो, डोळे हातावरच खिळतात. मी कारण शोधलं बेस्टच्या बसमध्ये. साध्या बसचं किमान भाडं मे 2025 पासून दहा रुपये झालंय, म्हणजे एक नाणं, एक तिकीट. गोष्ट अशी: गर्दीची बस, उजव्या हातात सुट्टे, ड्रायव्हर ब्रेक मारतो. दांडा धरायलाच हवा, म्हणून नाणं डाव्या हातात दिल्यासारखं करायचं, खरं तर ते उजव्यातच पाम केलेलं. उजवा हात वर जातो आणि दांड्याभोवती मूठ वळते. ती मूठ कोणालाच खटकत नाही, वरून नाही की खालूनही नाही. कंडक्टर समोर येतो, डावा हात उघडतो, नाणं गायब.

गेल्या खेपेला दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून ओरडल्या, “अरे मेल्या, उतरवेल ना तो तुला!” त्या हाताकडे बघतच नव्हत्या, त्या बसमध्ये होत्या. मला इतका आनंद झाला की पुढचं वाक्य बोलायला क्षणभर थांबलो.

म्हणूनच मी व्हिडिओपेक्षा पुस्तकाला मानतो. व्हिडिओत युक्तीबरोबर समोरच्याची लकब, त्याचं बोलणं, त्याचे विरामही अंगात शिरतात. पुस्तक बोटांची जागा सांगतं, शब्द मात्र आपले आपल्यालाच शोधावे लागतात, आणि ते मराठीत शोधले की प्रयोगच वेगळा होतो.

पुढचं काम अर्डनेजचं. ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’, पत्त्यांच्या हातचलाखीवरचं पुस्तक, 1902. लेखक नेमका कोण, यावर अजून वाद चालतात. त्यातलं हातात पत्ते पिसण्याचं प्रकरण मी सध्या हळूहळू वाचतोय, शेजारी कॅट ठेवून, एकेक वाक्य बोटांनी तपासत. एक पत्ता केसभर आपल्या बाजूला बाहेर ठेवून त्यावर बाकीचे सोडायचे, हा जॉग अजून मला हवा तितका बारीक होत नाही. पण मेहनत इथेच घालणार. टेबलावरचा फर्रर्र करणारा रिफल शफल आमच्या चौकात काढला की लोक सावध होतात. लोकलमध्ये मांडीवर बॅग ठेवून खेळणारे सगळे हातातच पिसतात, त्यामुळे तसं पिसणाऱ्यावर इथे कोणी संशय घेत नाही.