एचडी टीव्ही घेताना जाहिरातींचाही हिशेब करा

दुकानातल्या टीव्हीवर चालू असतं ते कंपनीचं डेमो चित्रण: पोपटाची पिसं, निळा समुद्र, रंगांची उधळण. ते फोर-के असतं आणि त्यात एकही ब्रेक नसतो. घरी त्याच पडद्यावर मालिका, बातम्या आणि क्रिकेट लागणार, आणि त्यातला बराच वेळ जाहिरातींचा असणार. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला सेट-टॉप बॉक्स जोडायला सांगा, रोज बघता ते चॅनल लावा आणि ब्रेक येईपर्यंत थांबा. चित्र खरं कसं दिसतं आणि ब्रेकमध्ये आवाज किती उसळतो, हे दोन्ही तिथेच कळतं.

आकार खोलीवरून ठरवावा. डीटीएच किंवा केबलवरचं एचडी चॅनल जास्तीत जास्त १९२० बाय १०८० चं असतं. त्यासाठी पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतर योग्य: ४३ इंची टीव्हीला सव्वापाच फूट, ५५ इंचीला पावणेसात फूट. त्याहून जवळ बसणार असाल तर फोर-के पडद्याचा उपयोग ओटीटीवर होईल, चॅनल मात्र आणखी स्पष्ट होणार नाही. ‘एचडी रेडी’ म्हणजे बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८. ३२ इंचापर्यंत ते चालून जातं, पुढे घेऊ नये. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावरचा आकडा तपासून घ्या.

नवा टीव्ही लावला आणि चित्र पुसटच दिसतंय, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. दोष बहुधा टीव्हीचा नसतो. पिवळी-लाल-पांढरी वायर जोडलेली असेल तर एचडी चित्र त्यातून येतच नाही. एचडीएमआय वायर हवी, आणि १०८० साठी साधी स्वस्तातली पुरते. वायर बरोबर असली तरी बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये कधीकधी ५७६ (साध्या, एचडी नसलेल्या चित्राच्या रेषा) राहून गेलेलं असतं, ते १०८०आय करा. तिसरं कारण पॅकचं. स्टार प्रवाह, कलर्स मराठी, झी मराठी यांची एचडी चॅनल २०१६ मध्ये आली, पण ती वेगळ्या क्रमांकावर असतात आणि त्यांचे पैसे वेगळे. जुन्याच क्रमांकावर बघत राहिलात तर ५७६ रेषांचं चित्र मोठ्या पडद्यावर ताणून दिसणार. टीव्हीतही पिक्चर साइझ ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’वर ठेवा. नाहीतर चारही कडा थोड्या कापल्या जातात आणि क्रिकेटचा धावफलक अर्धवट दिसतो.

एचडीचे जादा पैसे भरले म्हणून जाहिराती कमी होत नाहीत, आणि हे ग्राहकाला आधी कुणी सांगत नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधली मर्यादा तासाला १२ मिनिटांची आहे: १० मिनिटं व्यापारी जाहिराती, २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या. मोफत चॅनल असो की पैसे मोजून घेतलेलं, मर्यादा तीच. ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारण नियामकाने, ती काटेकोर पाळायला लावायचं ठरवलं तेव्हा २०१३ मध्ये वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच नियमांत असंही लिहिलं आहे की जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा आणि पडद्याच्या खालच्या भागात पट्ट्या चालवून तिने कार्यक्रमात व्यत्यय आणू नये. चित्र आक्रसून बाजूला आणि खाली येणारा एल-बँड रोज बघणाऱ्याला हे वाचून राग येणं साहजिक आहे.

आता आवाज, कारण घरातली सगळ्यात मोठी कटकट तीच. मालिकेत कुजबूज असते, शांतता असते आणि एखादा मोठा क्षण असतो. जाहिरातीत सगळंच दाबून वरच्या पातळीला नेलेलं असतं. दोन्हींचा कमाल आवाज सारखाच असू शकतो, पण जाहिरातीचा सरासरी आवाज खूप वर असतो आणि कानाला जाणवते ती सरासरी. म्हणून संवाद ऐकू यावेत म्हणून वाढवलेला व्हॉल्यूम ब्रेक लागताच डोक्यात जातो.

याला उपाय टीव्हीतच असतो. साउंड सेटिंगमध्ये ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा तशाच नावाचा, लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणारा पर्याय शोधा आणि चालू करा. एवढं करूनही फरक पडला नाही तर आवाज कुठून बाहेर जातोय ते बघा. साउंडबार एआरसी पोर्टला (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या एचडीएमआय पोर्टला) जोडलेला असेल आणि टीव्ही डॉल्बी सिग्नल तसाच पुढे ढकलत असेल, तर टीव्हीचं ऑटो व्हॉल्यूम त्याला हातही लावत नाही. बॉक्स आणि टीव्ही दोन्हीकडे आवाज ‘पीसीएम’वर (डॉल्बीऐवजी साध्या डिजिटल आवाजावर) करा, किंवा साउंडबारचाच ‘नाइट मोड’ वापरा. गाण्याची मैफल किंवा सिनेमा बघताना मात्र हे बंद करा. तबल्याच्या थापेनंतर तानपुरा अचानक वर येतो आणि गाण्याचा जीव जातो.

जाहिरात अजिबात नको असेल तर रेकॉर्डिंगचा बॉक्स घ्या. पडदा ५० वरून ५५ इंचांवर नेण्यापेक्षा तो पैसा इथे घातलेला आमच्या मते चांगला. तासाभराचा कार्यक्रम पॉज करून पंधरा मिनिटं उशिरा सुरू करा, प्रत्येक ब्रेक पुढे पळवा. शेवटी कार्यक्रम आणि तुमचं बघणं जवळपास बरोबरच संपतं. एचडीच्या एका तासाला साधारण ३ ते ४ जीबी लागतात, म्हणजे १ टीबी डिस्कवर अडीचशेच्या आसपास तास मावतात. बॉक्सच्या यूएसबी पोर्टला बाहेरची डिस्क लावायची असेल तर वेगळा अडॅप्टर असलेली घ्या. नुसत्या पोर्टच्या विजेवर काही पोर्टेबल डिस्क टकटक आवाज करून मध्येच बंद पडतात आणि रेकॉर्डिंग अर्धवट राहतं. केलेलं रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सवर चालतं, दुसरीकडे नेता येत नाही.

स्मार्ट टीव्हीवर चॅनल लावण्याआधीच होम स्क्रीनवर जाहिराती असतात. गूगल टीव्हीमध्ये अकाउंटच्या सेटिंगमध्ये ‘ॲप्स ओन्ली मोड’ आहे. त्याने शिफारशींची गर्दी हटते, पण व्हॉइस असिस्टंटही बंद होतो. फायर टीव्हीत प्रेफरन्सेसमधल्या ‘फीचर्ड कंटेंट’मध्ये जाऊन व्हिडिओ आणि ऑडिओ ऑटोप्ले बंद करा. सॅमसंगचं ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ आणि एलजीचं ‘लाइव्ह प्लस’ ही पडद्यावर काय चाललंय ते ओळखणारी यंत्रणा आहे. पहिल्यांदा टीव्ही चालू करताना सगळ्या अटींवर एकदम ‘मान्य’ दाबलं की ती सुरू होते. ती बंद केल्याने चित्रात काहीही कमी होत नाही.

एवढं करूनही एखादं चॅनल मर्यादा ओलांडत असेल किंवा ब्रेकमध्ये कान फोडत असेल तर लेखी तक्रार करा. याच केबल नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार पहिली तक्रार थेट वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाते. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. तक्रारीत चॅनल, तारीख, ब्रेक सुरू झाल्याची आणि संपल्याची मिनिटासकट वेळ लिहा. प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग वाहिनीला ९० दिवस जपून ठेवावं लागतं, तेव्हा तक्रार त्याच आठवड्यात पाठवा.